न वाकणारं नाव

'सागराच्या पोटात काय आहे?' आणि 'सागरच्या पोटात काय आहे?' ही दोन वाक्यं वाचा. पहिल्याचं उत्तर मासे, प्रवाळ, बुडालेली जहाजं. दुसऱ्याचं उत्तर बहुधा दोन वडापाव. फरक फक्त एका कान्याचा. तो गाळला की समुद्राचा माणूस होतो.

शाळेत इंग्रजीच्या तासाला आपण शिकतो की विशेषनामाचं पहिलं अक्षर कॅपिटल. नदी लहान अक्षराने, गोदावरी मोठ्या. मराठीच्या तासाला सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम अशा व्याख्या पाठ होतात, पण कागदावर ती वेगळी दाखवायची कशी हा प्रश्न येत नाही, कारण देवनागरीत अक्षर लहान-मोठं नसतंच. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून 'क' मारला तर मोठा 'क' येत नाही, 'ख' येतो.

तरी आपलं अडत नाही. 'विजयाचा आनंद' म्हटलं की मॅच जिंकलेली असते, 'विजयचा आनंद' म्हटलं की विजयला नोकरी लागलेली असते. 'आशेवर विश्वास ठेव' हा उपदेश आहे, 'आशावर विश्वास ठेव' ही मध्यस्थी आहे. 'नगराला' म्हटलं तर कुठलंही शहर, 'नगरला' म्हटलं तर एकच शहर, जिथे एसटी जाते.

मराठीच्या या न छापलेल्या कॅपिटल अक्षराबद्दल मला लिहायचं आहे. आणि ते हातात घेऊन १९७८ ते १९९४ या काळातल्या काही आत्मकथनांची शीर्षकं पुन्हा वाचायची आहेत. 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या', 'कोल्हाट्याचं पोर'. ही पुस्तकं आपल्यापैकी बऱ्याच जणांना अभ्यासक्रमातून, स्पर्धा परीक्षेच्या 'लेखक-पुस्तक' जोड्यांतून किंवा नुसत्या मुखपृष्ठांवरून माहीत असतात. त्यामुळे ही शीर्षकं आपल्या कानाला पुस्तकांची नावं वाटतात. मुळात ती नावं नव्हती. ती सामान्यनामं होती, आणि त्यातली बरीचशी दुसऱ्यांनी तोंडावर फेकलेली होती. ती नावं कशी झाली, हा माझ्या मते मराठी वाङ्मयातला एक मोठा व्याकरणी उद्योग आहे, आणि आपण तो नीट पाहिलेला नाही.

शब्द कुठे वाकतो

मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामाचं रूप बदलतं. घोडा, घोड्याला. शाळा, शाळेत. देश, देशाने. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. सोप्या भाषेत, प्रत्यय समोर आला की शब्द थोडा वाकतो. आजच्या बोलण्यात माणसाचं नाव मात्र सहसा वाकत नाही. प्रकाशाने डोळे दिपतात, पण प्रकाशने चहा आणलेला असतो.

आडनावांमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. 'कुंभाराकडून माठ आण' आणि 'कुंभारकडून नोट्स आण' यांत पहिला माणूस त्याच्या कामाने ओळखला जातोय, दुसरा आपल्या वर्गात आहे. 'काळेला फोन लाव' म्हणजे मित्राला, 'काळ्याला' म्हटलं तर एखाद्याच्या रंगावर बोट ठेवलं जातं. शब्द तोच, अक्षरं जवळजवळ तीच. वाकला की वर्णन, ताठ राहिला की नाव.

नियम इथेच संपला असता तर सोपं होतं. पण आपण गोव्याला जातो आणि कॅनडाला जातो. दोन्ही विशेषनामं, दोन्ही आकारान्त. गोवा वाकतो, कॅनडा वाकत नाही. 'टेबलावर लॅपटॉप ठेव' म्हणतो, पण फाइल 'लॅपटॉपवर' असते. टेबल घरात येऊन जुनं झालं, लॅपटॉप अजून पाहुणा आहे. म्हणजे न वाकणं ही दोन प्रकारच्या शब्दांची खूण आहे: ज्यांना आपण मान देतो ते, आणि जे आपल्याला अजून परके आहेत ते. आणि वाकणं हे नेहमी कमीपणाचं असतं असंही नाही. पुण्याला, रामाला, विठ्ठलाच्या पायाशी, ही रूपं जवळिकीची आहेत. शतकानुशतकं तोंडात घोळलेला शब्द वाकतो.

प्रश्न असा की जवळिकीने वाकवलं आणि जबरदस्तीने वाकवलं, यातला फरक कसा ओळखायचा? व्याकरण तो सांगत नाही. तो वाक्य कोण बोलतंय त्यावरून कळतो.

यंत्राचा घोळ

माझ्या रोजच्या कामात मजकुरातून नावं शोधणं येतं. बातमी दिली की त्यातली माणसं कोण, गावं कोणती, संस्था कोणत्या, हे प्रोग्रामने सांगायचं. इंग्रजीत या कामाला कॅपिटल अक्षराचा मोठा आधार असतो. वाक्याच्या मधोमध मोठं अक्षर दिसलं की नाव असण्याची शक्यता एकदम वाढते. मराठीत असा आधार नाही, त्यामुळे माणसांनी वाक्यं वाचून हाताने खुणा करायच्या आणि त्यावरून यंत्राने शिकायचं. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठीसाठी असा २५,००० वाक्यांचा डेटासेट जाहीर केला. अशा खुणा करताना लक्षात येतं की खूण करणारा माणूस प्रत्येक शब्दाला प्रश्न विचारत असतो: हे कोणाचं नाव आहे, की कोणाचं वर्णन?

बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं. पण 'पारधी', 'रामोशी', 'भामटा' असे शब्द आले की हात थांबतो.

गंमत म्हणजे कोड लिहिताना आम्ही इंग्रजीचा नियम उलटा पाळतो. जावामध्ये 'विद्यार्थी' हा क्लास लिहिला तर त्याचं पहिलं अक्षर मोठं, आणि त्या क्लासमधून तयार झालेल्या एकेका ऑब्जेक्टचं, म्हणजे प्रत्यक्ष एका विद्यार्थ्याचं, पहिलं अक्षर लहान. वर्ग मोठा, व्यक्ती लहान. आधी साचा ठरतो, मग त्यातून माणूस निघतो, आणि त्याच्यात काय असू शकतं हे साच्याने आधीच ठरवलेलं असतं. कोडमध्ये ही सोय आहे. गावगाड्यात हीच व्यवस्था होती आणि तिथे ती सोय फक्त काही जणांची होती.

दगडू आणि धोंडो

आता माणसांच्या नावांकडे येऊ. दगडू, धोंडू, कचरू ही नावं मराठीत जुनी आहेत. मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलकं नाव ठेवायची रीत अनेक जातींत होती. भारतरत्न महर्षी कर्वे यांचं नाव धोंडो. पुण्यातला सगळ्यात गर्दी खेचणारा गणपती ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या हलवायांचं नाव दगडूशेठ. म्हणजे दगड हे नाव मुळात कोणाची पायरी ठरवत नाही.

पायरी ठरते शेवटाला. दगडूशेठ, धोंडोपंत, दगडोबा एका बाजूला. दगड्या, धोंड्या, कचऱ्या दुसऱ्या बाजूला. इंग्रजीचं कॅपिटल अक्षर नावाच्या सुरुवातीला असतं, मराठीचं नावाच्या शेवटी लागतं. राव, पंत, शेठ, बा, जी लागलं की नाव मोठं झालं. 'या' लागलं की ते परत सामान्यनामाच्या रांगेत, दगडाच्या शेजारी जाऊन बसलं. क्रियापदही तेच काम करतं: धोंडोपंत आले, धोंड्या आला.

आणि ही व्यवस्था केवळ सवयीची नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला एकतिसावा श्लोक नाव कसं ठेवावं हे वर्णांप्रमाणे सांगतो: ब्राह्मणाचं मंगलवाचक, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस वाटेल असं. विशेषनामाच्या आत सामान्यनामाचा डाग ठेवायचा नियमच होता.

'बलुतं' या जागेवरून वाचायला हवं. दया पवार यांचं हे पुस्तक १९७८ मध्ये ग्रंथालीने काढलं. त्यात गोष्ट सांगतो तो दगडू मारुती पवार, आणि ऐकतो तो दया पवार. दोघं एकच आहेत. शिकलेला, कवी म्हणून नाव झालेला माणूस एका बाजूला आणि गावाने ज्याला दगडू म्हणून हाक मारली तो दुसऱ्या बाजूला. या रचनेकडे बहुतेक वेळा दुभंगलेल्या मनाची युक्ती म्हणून पाहिलं जातं. मला ती त्याहून साधी आणि कठोर वाटते. एका माणसाला दोन नावं आहेत, एक गावाच्या हाकेतलं, एक छापील, आणि छापील नाव हाकेतल्या नावाला बोलू देतंय. शीर्षकात मात्र या दोघांपैकी कोणीच नाही. शीर्षक आहे बलुतं, म्हणजे गावाची कामं केल्याबद्दल सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. माणसाची गोष्ट आहे आणि वर नाव मजुरीचं आहे. लेखकाने स्वतःचं नाव ठळक करायच्या जागी ज्या व्यवहाराने त्याला घडवलं त्या व्यवहाराचं नाव ठेवलं.

चार शब्द

'बलुतं'नंतर दोन वर्षांनी, १९८० मध्ये, लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं. १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी', १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या', १९९४ मध्ये डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर'. चारही शीर्षकं माणसाला दिलेली आहेत, वस्तूला नाही. आणि चारही सामान्यनामं आहेत.

'उपरा' म्हणजे बाहेरून आलेला, इथला नसलेला. कैकाडी समाजातलं, गाढवांवर संसार लादून गावोगाव फिरणारं बालपण या एका शब्दात बसतं. नीट पाहिलं तर उपरा हे कोणाचंही नाव होऊच शकत नाही, कारण तो नात्याचा शब्द आहे. माणूस स्वतःच्या घरात उपरा नसतो. कोणीतरी गावाच्या मधोमध उभं राहून बोट दाखवलं की तो उपरा होतो.

'अक्करमाशी' हा सराफाच्या तराजूवरून आलेला शब्द आहे. तोळ्याचे मासे बारा. अकरा माशांचा तो उणा, अस्सल नसलेला. म्हणून लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला हा शब्द. लिंबाळे यांची आई महार, वडील सवर्ण पाटील, आणि बापाचं नाव लावायचं कोणतं हा प्रश्न त्या पुस्तकाचा गाभा आहे. ज्या मुलाचं विशेषनामच अर्धवट आहे, त्याला समाजाने एक भरभक्कम सामान्यनाम दिलं. त्या शब्दात शिवी आहेच, पण त्याहून भयंकर म्हणजे त्यात मोजमाप आहे. कोणीतरी तुम्हाला पारड्यात घातलं, वजन केलं आणि एक मासा कमी भरला असं सांगितलं.

'उचल्या' सर्वांत अवघड. उचलणे या क्रियापदावरून भुरटा चोर, आणि त्याच वेळी एका समाजाचं नाव. इंग्रजी असतं तर अक्षर मोठं की लहान यावरून दोन अर्थ वेगळे झाले असते. मराठीत ते एकावर एक छापले जातात. 'तो उचल्या आहे' या वाक्यात जात सांगितली की आरोप केला, हे वाक्य सांगत नाही.

ही नुसती भाषेची गफलत नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच सरकारी पातळीवर केलं. एखाद्या जमातीचं नाव यादीत घातलं की तिच्यात जन्मलेलं प्रत्येक मूल गुन्हेगार या सामान्यनामात जमा. गुन्हा केला की गुन्हेगार, हा क्रम उलटला: आधी गुन्हेगार, गुन्हा नंतर शोधू. १९११ आणि १९२४ मध्ये कायदा आणखी पसरला आणि कडक झाला. १९५२ मध्ये तो गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड, भामटा, कैकाडी, रामोशी, वडार ही नावं आहेत. आता रोजचं वर्तमानपत्र उघडा. 'भामट्याने वृद्धेला गंडवलं' हा मथळा आपल्याला इतका सवयीचा आहे की त्यात कोणाचं नाव आहे हे कळतही नाही. एखाद्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर जो शब्द विशेषनाम म्हणून छापलेला आहे, तोच शब्द मथळ्यात प्रत्ययापुढे वाकलेला आहे. कायदा गेला, सामान्यरूप राहिलं.

'कोल्हाट्याचं पोर' मध्ये तर वाकणं शीर्षकातच आहे. कोल्हाटी, कोल्हाट्याचं. पोर हा नपुंसकलिंगी शब्द, ना मुलगा ना मुलगी. गाव ज्या सुरात हे म्हणतं तो सूर तसाच मुखपृष्ठावर आला आहे. आणि त्याखाली लेखकाचं नाव येतं, मधल्या जागी बापाऐवजी आईचं: किशोर शांताबाई काळे. वर गावाने दिलेलं सामान्यनाम, खाली स्वतः रचलेलं विशेषनाम. मराठीतलं इतकं नेमकं मुखपृष्ठ मला दुसरं आठवत नाही.

इंग्रजीत गेल्यावर

इंग्रजीला कॅपिटल अक्षर आहे, शिवाय 'अ' आणि 'द' ही उपपदं आहेत. म्हणजे मराठीने जे उघडं ठेवलं ते इंग्रजीला ठरवावंच लागतं. काय ठरलं ते पाहू.

'उपरा' झालं 'उपरा: ॲन आउटसायडर'. एक बाहेरचा, अनेकांतला कोणी एक. 'अक्करमाशी' २००३ मध्ये आलं 'द आउटकास्ट' म्हणून. तो एक, ठरावीक. तराजू गेला. शिवाय आउटकास्ट म्हणजे जातीबाहेर टाकलेला, तर अक्करमाशी हा दोन जातींच्या मधोमध मोजला गेलेला. 'उचल्या' झालं 'द ब्रँडेड', डाग दिलेला. मराठी शब्द आरोप करतो, इंग्रजी शब्द सहानुभूती दाखवतो. मराठी शीर्षक वाचताना वाचक आरोप करणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, कारण तो शब्द त्यानेही कधीतरी वापरलेला असतो. इंग्रजी शीर्षक वाचताना तो सुटतो. 'कोल्हाट्याचं पोर' तर 'अगेन्स्ट ऑल ऑड्स' झालं, म्हणजे सगळ्या संकटांवर मात. यात कोल्हाटीही नाही, पोरही नाही. विमानतळावरच्या दुकानात यशोगाथांच्या मांडणीत हे पुस्तक सहज खपून जाईल.

जेरी पिंटो यांनी २०१५ मध्ये 'बलुतं' इंग्रजीत आणताना शब्द तसाच ठेवला. हा मला जास्त प्रामाणिक मार्ग वाटतो, पण त्याचीही किंमत आहे. न समजणारा शब्द मोठ्या अक्षराने छापला की परक्या वाचकाला ते एखाद्या गावाचं किंवा देवीचं नाव वाटू शकतं. मराठीत बलुतं म्हणजे चार पायल्या जोंधळा. इंग्रजीत ते विशेषनाम होतं आणि धान्य सांडून जातं.

अनुवादकांना दोष द्यायचा नाही. दोन भाषांची हत्यारंच वेगळी आहेत. पण या शीर्षकांची तुलना केली की मूळ शीर्षकांनी काय धरून ठेवलं होतं ते दिसतं: हा एकाचा अपमान आहे की सगळ्यांचा, हे न सांगण्याची ताकद.

अक्षर मागणारे आणि शब्द घेणारे

अमेरिकेत ही लढाई अक्षरशः अक्षरासाठी झाली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९९ मधल्या फिलाडेल्फियावरच्या अभ्यासातच 'नीग्रो' हा शब्द मोठ्या अक्षराने लिहायचं ठरवलं होतं. पुढे वर्तमानपत्रांकडे मागणी करत राहण्यात तीस वर्षं गेली, आणि न्यूयॉर्क टाइम्सने मार्च १९३० मध्ये ते मान्य केलं. नंतर तो शब्दच मागे पडला, 'ब्लॅक' आला, आणि त्याचं मोठं अक्षर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जून २०२० मध्ये मान्य केलं. लहान अक्षर म्हणजे रंग, मोठं अक्षर म्हणजे लोक, असा तो युक्तिवाद.

ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. 'दलित' हाही मुळात विशेषण. दळलेला, चिरडलेला. इंग्रजीत तो आज मोठ्या अक्षराने लिहिला जातो. मराठीत अशी मागणी करताच येत नाही. कोणत्या संपादकाकडे जाऊन काय मोठं करून मागणार? मग मराठीत हे काम कसं झालं?

ते मला एका साध्या वाक्यात सापडतं. 'उपरा'ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे वाक्य पुन्हा वाचा. आपण 'उपऱ्याला पुरस्कार मिळाला' असं लिहीत नाही. गावात उपऱ्याला जागा नव्हती, उपऱ्याला पाणी नव्हतं, उपऱ्याला हाकलत होते. तो शब्द जन्मभर वाकत आला होता. पुस्तकावर छापला गेला आणि त्या दिवसापासून तो वाकायचा थांबला. तसंच 'बलुतं'मध्ये आणि बलुत्यामध्ये. 'उचल्या'ला १९८८ चा पुरस्कार मिळाला तेव्हा रूप बदललं नाही, कारण उचल्या हा शब्द वाकला तरी तसाच दिसतो. त्याला अवतरणचिन्हांवरच भागवावं लागतं, आणि म्हणूनच कदाचित तो शब्द अजून पूर्ण सुटलेला नाही.

कोणत्याही पुस्तकाचं नाव असं ताठ राहतं, मग यात विशेष काय, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, 'स्वामी'मध्ये, 'छावा'मध्ये असंच आपण म्हणतो. पण स्वामी किंवा छावा म्हटल्याने कोणाची मान खाली जात नव्हती. सन्मानाचा शब्द शीर्षक झाला तर तो आणखी थोडा वर चढतो. शिवी शीर्षक झाली तर ती देणाऱ्याला परत करता येत नाही, तिला कुठेतरी उभं करावं लागतं. या लेखकांनी ती स्वतःच्या नावाच्या वर उभी केली.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढे हा साचा झाला. जातीचा किंवा हिणवण्याचा एक शब्द, खाली लेखकाचं नाव, आत भूक, शाळा, अपमान, शिक्षण, या क्रमाने. साच्याचं एक वाईट असतं, वाचकाला शब्द बोचेनासा होतो. तो शीर्षक पाहूनच 'या प्रकारचं पुस्तक' असा खण उघडतो आणि माणूस पुन्हा क्लासचा एक ऑब्जेक्ट होतो. म्हणून मला बेबी कांबळे यांचं 'जिणं आमचं' हे १९८६ चं शीर्षक वेगळं वाटतं. त्यात ना विशेषनाम आहे, ना दिलेलं सामान्यनाम. 'आमचं' हे सर्वनाम आहे. नावांच्या भांडणात न पडता त्यांनी बोलणाऱ्यांची बाजूच ताब्यात घेतली. आणि उर्मिला पवार यांचं 'आयदान', २००३ चं, पुन्हा वस्तूकडे गेलं: बांबूच्या कामट्यांनी विणलेली टोपली. तो शब्द आईच्या हाताचा आहे, कोणीही तो शिवी म्हणून दिलेला नव्हता. शिवीचं नाव करण्यापासून स्वतःच्या कामाचं नाव करण्यापर्यंत पंचवीस वर्षांत आलेलं हे अंतर समीक्षेने मोजायला हवं. आपण अजून 'दलित आत्मकथनं' या एकाच खणात सगळी पुस्तकं ठेवतो.

आमच्या खुणा करायच्या कामात अशा शब्दांपुढे आता एक वेगळा नियम आहे. 'भामटा', 'रामोशी', 'पारधी' आले की शब्दावरून ठरवायचं नाही, वाक्य कोणाच्या तोंडचं आहे ते पाहायचं. समाज स्वतःबद्दल बोलत असेल तर नाव. पोलीस, मथळा किंवा शेजारी दुसऱ्याबद्दल बोलत असेल तर नाव म्हणून खूण करायची नाही, शंका म्हणून वेगळी नोंद ठेवायची. काम हळू होतं. पण यंत्र जे शिकेल ते आपल्या मथळ्यांवरूनच शिकणार आहे, आणि मथळ्यांमध्ये तो शब्द अजून रोज वाकतोय.